चर्चेच्या मध्यभागी खरेदीखत

वंशभेदावर चर्चा करणाऱ्या सामुदायिक बैठकांतून मन मोकळे होण्यापलीकडे काही साधत नाही, असा आक्षेप घेतला जातो; तो मला निम्माच मान्य आहे. वंशभेद म्हणजे कोणाच्या तरी मनातला आकस, एवढ्यावर बोलणे थांबले तर जो तो स्वतःला निर्दोष ठरवून घरी जातो, हे खरे. पण समोर कागद ठेवला की बोलण्याचा रोखच बदलतो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या ‘मॅपिंग प्रेज्युडिस’ या प्रकल्पात २०१६ पासून सामान्य नागरिक मिनीआपोलिस परिसरातील जुनी खरेदीखते वाचून, गोऱ्यांखेरीज इतरांना घर विकण्यास किंवा भाड्याने देण्यास मनाई करणारी कलमे शोधतात आणि ती नकाशावर मांडली जातात.

त्या काळी देशभरातील अशा अनेक खतांत एक सवलतही असे: घरकामाला ठेवलेल्या वेगळ्या वंशाच्या नोकरांना तेथे राहण्याची मुभा. (शेजार चालत नव्हता, चाकरी चालत होती.) न्यायालयांना ही कलमे अमलात आणता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला, आणि घरांच्या व्यवहारातील भेदभावाला संघराज्याच्या कायद्याने बंदी आली ती १९६८ मध्ये, तोवर वाढलेल्या किमतींची ती घरे वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जाऊ लागली होती. स्वतःच्याच घराच्या खतात हे कलम सापडलेल्या माणसाला ‘मी कोणाशी भेदभाव केलेला नाही’ एवढे म्हणून विषय संपवता येत नाही. मिनेसोटातील २०१९ च्या कायद्यानुसार मालकाला ते कलम नाकारल्याची नोंद करता येते, मात्र मूळ ओळ दप्तरातून खोडली जात नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.