धप, धप, टाळी: ह्यात गाणं कुठाय?

गॅलरीतला_आवाज

रविवारी कोल्हापुरात शाहू स्टेडियमला फुटबॉल मॅच बघत होतो. दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नर मिळाला आणि गॅलरीत कुणीतरी सुरू केलं: धप धप टाळी, धप धप टाळी. मिनिटभरात अख्खी बाजू हलायला लागली. दहा वर्षांच्या माझ्या भाच्यानं 'क्वीन' ह्या इंग्लिश बँडचं नावही ऐकलेलं नाही, पण चप्पल आपटताना एक ठोका चुकत नव्हता. मागचे एक काका म्हणाले, "ह्यात गाणं कुठाय रे? नुसता दंगा." ते काही डोक्यातनं जाईना.

हे गाणं, 'क्वीन'चं 'वी विल रॉक यू', साधं आहे, पण ते साधेपण कमावलेलं आहे. मे १९७७ मध्ये इंग्लंडात स्टॅफर्डच्या बिंगली हॉलमध्ये कार्यक्रम संपला तरी लोक जाईनात, उलट तेच बँडला गाणं ऐकवू लागले. गिटारवादक ब्रायन मे ह्याला प्रश्न पडला, दाटीवाटीत उभ्या माणसाला करता काय येईल? पाय आपटणं, टाळी आणि गाणं, एवढंच. त्यातनं हे जन्मलं. ड्रम नाहीतच. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत, एका जुन्या चर्चच्या वास्तूत, लाकडी फळ्यांवर पाय आपटले आणि तेच आवाज थरावर थर चढवले. मे भौतिकशास्त्र शिकलेला. कुठला थर किती उशिरा यावा हे त्यानं मूळ संख्यांच्या हिशेबानं बसवलं, म्हणजे प्रतिध्वनी न वाटता मोठा जमाव आपटतोय असं वाटावं.

आणि खरी करामत तीन ठोक्यांनंतरची. चौथा रिकामा. त्या जागेत गॅलरी श्वास घेते.

हलगी_मंगळवारपेठ

दादा, गणित मान्य. पण जे पोराला मिनिटात येतं त्याला कमावलेलं कसं म्हणू? खासबागेत कुस्ती लागली की हलगी पैलवानाच्या पायाकडं बघून वाजते. दोघं अंदाज घेत फिरतायत तोवर संथ, पट काढला की कडाडते. त्याआधी जाळावर शेकून, बोटानं टिचकी मारून कातडं बोलतंय का बघावं लागतं. तुमचं गाणं मॅच बघतच नाही. गोल होवो न होवो, तीच चाल.

गॅलरीतला_आवाज

पण भावा, खासबागेत वाजवणारे दोघं-तिघं, बाकीचे ऐकणारे. इथं वाजवणारी गॅलरीच आहे. म्हणून चाल एकच ठेवावी लागते.

झील_धरणारा

दोघांनी शब्द सोडलेच की. मी पोवाड्यामागं झील धरतो, म्हणजे शाहिराच्या मागं सूर ओढतो, माझं आधी शब्दांकडं लक्ष जातं. ह्या गाण्यात तीन कडवी आहेत: रस्त्यावर खेळणारं पोरगं, मग जग जिंकायला निघालेला तरुण, शेवटी शांतता मागणारा म्हातारा. पोराच्या आणि म्हाताऱ्याच्या तोंडाला चिखल, तरुणाच्या तोंडाला रक्त. ही हरत आलेल्या माणसाची गोष्ट आहे आणि आपण ती समोरच्या टीमला दम द्यायला वापरतो! पोवाड्यात "जी जी रं जी" म्हणताना आम्हाला गडी कुठल्या खिंडीत उभा आहे ते माहीत असतं. इथं झीलच उरली आणि शाहीर गेला. मला हे लागतं.

आणि तो शाहीर आपल्या जवळचा होता हो. गाणं मेचं, पण गळा फ्रेडी मर्क्युरीचा, आणि फ्रेडी शिकला पाचगणीत. पहिला बँडही तिथल्या शाळेतला.

गॅलरीतला_आवाज

शब्दांचं पटलं. काल रात्री भाच्याला तिन्ही कडव्यांचा अर्थ सांगितला. म्हाताऱ्यापाशी आल्यावर त्यानं पाय आपटायचं थांबवलं. "मामा, मग त्याला हरवायचं कशाला?" म्हणाला.

हलगी_मंगळवारपेठ

पोरगं हुशार आहे. पण माझं मत तेच. पुढच्या मॅचला हलगी घेऊन येतो आणि तुमच्या त्या रिकाम्या चौथ्या ठोक्यात वाजवतो.

गॅलरीतला_आवाज

या, जरूर या. पहिल्या तिन्ही ठोक्यांवर वाजवा. ती जागा तेवढी मोकळी सोडा.