व्हॅम!चा १९८५ मधला चीन दौरा: तो नेमका कोणासाठी होता?

प्रश्न: मंद्रसप्तक

व्हॅम! या ब्रिटिश पॉप जोडीच्या चीन दौऱ्यावरचा 'फॉरेन स्काइज' हा माहितीपट नुकताच पाहिला आणि तेव्हापासून काही शंका मनात घोळत आहेत. एप्रिल १९८५ मध्ये जॉर्ज मायकल आणि अँड्र्यू रिजली हे दोघे आपल्या साथीदारांसह चीनमध्ये गेले, ७ एप्रिलला बीजिंगच्या कामगार क्रीडागृहात आणि १० एप्रिलला ग्वांगझोमध्ये गायले, आणि परतले. चाळीस वर्षांनंतरही ज्याची चर्चा होते, त्या दौऱ्यात चीनच्या भूमीवर झालेले कार्यक्रम अवघे दोन होते, हे मला आजवर ठाऊक नव्हते.

बीजिंगच्या कार्यक्रमातले प्रेक्षक बहुतांशी जागच्या जागी बसून ऐकताना दिसतात. व्हॅम!च्या इतर कार्यक्रमांत गाण्याचे शब्दही ऐकू येऊ नयेत इतका कल्लोळ असे, आणि इथे मात्र दोन गाण्यांच्या मधली शांतता अंगावर येते. तिचा अर्थ काय लावायचा? त्यांना गाणी आवडली नाहीत, कळली नाहीत, की आवडल्याचे दाखवण्याची मुभा नव्हती? दुसरे असे की, या दौऱ्यामुळेच व्हॅम!साठी अमेरिकेचे दार उघडले, असे अनेक लेखांत ठामपणे लिहिलेले असते. चीनमध्ये गायल्याने अमेरिकेत नाव होते, हे गणित मला उलगडलेले नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १: आडवाट

शांततेपासून सुरुवात करतो, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहेत.

प्रेक्षकांनी आपापल्या जागी बसून राहावे, नाचू नये, अशी सूचना कार्यक्रमापूर्वी दिलेली होती आणि सभागृहात पोलिसांचा बंदोबस्त होता. त्यामुळे 'मुभा नव्हती' हे तुमचे अनुमान बरोबर आहे. मात्र तेवढ्यावर थांबलो तर चित्र अर्धेच राहते. सांस्कृतिक क्रांतीला संपून तेव्हा जेमतेम नऊ वर्षे झाली होती. चीनचे तेव्हाचे नेते डेंग शाओपिंग यांची आर्थिक सुधारणांची वाटचाल १९७८ च्या अखेरीस सुरू झाली असली, तरी १९८३ च्या शेवटी 'आध्यात्मिक प्रदूषणा'विरुद्ध मोहीम निघाली होती आणि तिच्यात पाश्चात्त्य पेहराव, केशभूषा आणि संगीत यांच्याकडे संशयाने पाहिले गेले होते. ती मोहीम काही महिन्यांतच आवरती घेतली गेली, हे खरे आहे. परंतु तिच्यानंतर दीड वर्षाच्या आत भरसभागृहात उठून नाचायचे, तेही पोलिसांच्या डोळ्यांदेखत, हे धाडस किती जणांनी करावे?

या भीतीखेरीज आणखी एक कारण आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. कार्यक्रमात श्रोत्याने काय करायचे असते, हेसुद्धा शिकावे लागते. हात वर करून तालावर टाळ्या द्यायच्या, गायकाने अर्धी ओळ सोडली की उरलेली आपण म्हणायची, हे संकेत पाश्चात्त्य श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेले होते; बीजिंगच्या श्रोत्यांचा त्यांच्याशी काही संबंध आलेला नव्हता. व्हॅम!चे व्यवस्थापक सायमन नेपियर-बेल यांनी या संदर्भात एक प्रसंग सांगितला आहे. जॉर्ज मायकलने तालावर टाळ्या वाजवून श्रोत्यांनाही त्यात सामील होण्याची खूण केली, तेव्हा त्याला शाबासकी हवी आहे असे समजून त्यांनी अतिशय सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. या प्रसंगावर हसू येते खरे, पण त्या श्रोत्यांचे वागणे मला मुळीच मूर्खपणाचे वाटत नाही. समोरचा पाहुणा काहीतरी मागतो आहे आणि आपण ते दिले पाहिजे, एवढे त्यांना नक्की कळले होते.

ते सभागृहही लक्षात घ्या. ही वर्तुळाकार इमारत १९६१ च्या जागतिक टेबल टेनिस स्पर्धेसाठी बांधलेली. त्या रात्रीच्या उपस्थितीचे आकडे दहा हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत सांगितले जातात. एवढ्या गर्दीत प्रत्येक जण शेजारच्याकडे पाहून आपण किती मोकळे व्हायचे ते ठरवत असणार.

प्रतिसाद २: जमाखर्च

आडवाट यांच्या विवेचनाशी मी सहमत आहे. अमेरिकेच्या गणिताविषयी मी लिहितो, कारण माझ्या मते या दौऱ्याचे खरे गमक तिथेच आहे.

एखादी जोडी परदेश दौऱ्यावर निघते तेव्हा विमानात दोनच माणसे चढत नाहीत. व्हॅम!च्या नावात दोघे असले, तरी रंगमंचावर बेस गिटार वाजवणारे डिऑन एस्टस, पेप्सी आणि शर्ली या सहगायिका, ब्रासवादक, तालवादक असा मोठा ताफा असे, आणि रंगमंचामागे ध्वनी व प्रकाशयोजना सांभाळणारे लोक वेगळे. चीनच्या खेपेला चित्रीकरणाचा चमू आणि परदेशी पत्रकार यांचीही त्यात भर पडली. खर्च हा असा पसरलेला आणि उत्पन्नाच्या बाजूला फक्त दोन कार्यक्रमांची तिकिटे, तीही चिनी नागरिकांना परवडतील अशा दराची. शिवाय चिनी चलन तेव्हा देशाबाहेर बदलून मिळत नसे, त्यामुळे तिकिटांवर कितीही रक्कम जमली असती तरी लंडनमध्ये तिचा उपयोग नव्हता. ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीचीही आशा नव्हती, कारण त्यांचे ध्वनिमुद्रण रीतसर विकत घेता येईल अशी बाजारपेठच तिथे तयार झालेली नव्हती. थोडक्यात, हिशेबाच्या वहीत हा दौरा तोट्याचाच दिसला असता आणि ते सर्वांना आधीपासून ठाऊक होते.

मग केला कशासाठी? नेपियर-बेल यांनी ते पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. नव्या गटाला अमेरिकेत मोठ्या स्टेडियमपर्यंत पोहोचायला गावोगाव फिरून वर्षे घालवावी लागतात; त्याऐवजी जगभरच्या वृत्तवाहिन्यांना दाखवावेच लागेल असे काहीतरी करायचे, म्हणजे ही वाटचाल एका झटक्यात पार पडेल, असा त्यांचा विचार होता. त्यासाठी त्यांनी सुमारे दीड वर्ष चीनच्या खेपा घातल्या आणि अधिकाऱ्यांना जेवणाची निमंत्रणे देत ओळखी वाढवल्या. क्वीन हा गटही चीनमध्ये जाण्यास उत्सुक होता. नेपियर-बेल यांच्या सांगण्यानुसार त्यांनी अधिकाऱ्यांपुढे दोन माहितीपत्रके ठेवली. एकात व्हॅम!चे हसतमुख, नीटनेटके तरुण होते आणि दुसऱ्यात क्वीनचे गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या सर्वांत भडक आविर्भावात होते. निवड अर्थातच अपेक्षेप्रमाणे झाली. (हा किस्सा सांगणारी व्यक्ती प्रसिद्धीच्याच व्यवसायातली आहे, हे ध्यानात ठेवून त्यात थोडे मीठमसाल्याचे प्रमाण गृहीत धरावे.)

आता 'अमेरिकेचे दार उघडले' या वाक्याकडे वळू. तारखा लावून पाहिल्या तर ते वाक्य टिकत नाही. त्यांचे 'वेक मी अप बिफोर यू गो-गो' हे गाणे अमेरिकेत नोव्हेंबर १९८४ मध्येच पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते. 'केअरलेस व्हिस्पर' फेब्रुवारी १९८५ मध्ये पहिल्या क्रमांकावर आले, आणि 'मेक इट बिग' हा अल्बम मार्चमध्ये. म्हणजे बीजिंगला जाण्यापूर्वीच अमेरिकेतल्या रेडिओवर त्यांची गाणी अखंड वाजत होती. गाण्यांसाठीचे दार आधीच सताड उघडे होते. चीनच्या बातमीने जर काही साधले असेल, तर ते कार्यक्रमांच्या आकाराबाबत: त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ही जोडी अमेरिकेत स्टेडियममधून गायली. त्यातही गाण्यांच्या लोकप्रियतेचा वाटा किती आणि बीजिंगच्या बातमीचा किती, हे वेगळे काढून दाखवण्याचा मार्ग मला दिसत नाही. तरीही प्रत्येक लेखात श्रेय चीनला जाते, कारण ती गोष्ट सांगायला अधिक सुरस आहे.

प्रतिसाद ३: खर्ज

माहितीपटाविषयी एक पूरक मुद्दा. त्याचे दिग्दर्शन मुळात लिंडसे अँडरसन यांच्याकडे होते. हे दिग्दर्शक 'इफ....' सारख्या चित्रपटासाठी ओळखले जातात आणि त्या चित्रपटाला १९६९ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळालेला आहे. त्यांनी संकलित केलेली आवृत्ती वेगळ्या नावाची होती आणि तिच्यात गायकांइतकाच, किंबहुना अधिक, रस चीनमधल्या माणसांमध्ये घेतलेला होता. ती जॉर्ज मायकलच्या पसंतीस उतरली नाही. अँडरसन यांना दूर करण्यात आले आणि चित्रपट नव्याने संकलित झाला. तुम्ही पाहिलात तो हा दुसरा. २८ जून १९८६ रोजी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर ७२,००० श्रोत्यांसमोर या जोडीचा निरोपाचा कार्यक्रम झाला, त्या दिवशी तो तिथल्या पडद्यावर दाखवला गेला.

तेव्हा, मंद्रसप्तक, त्या शांततेविषयी विचार करताना ती आपल्याला कोणत्या संकलनातून दिसते, हेही विचारात घ्यावे असे मला वाटते.

मंद्रसप्तक (प्रश्नकर्ता)

तिघांचेही मनापासून आभार. तारखांचा मुद्दा इतका सोपा असूनही मला सुचला नव्हता, याची थोडी लाज वाटते.

एक उपप्रश्न विचारतो. व्हॅम! हे चीनमध्ये कार्यक्रम करणारे पहिले पाश्चात्त्य कलाकार होते, असे म्हणणे कितपत योग्य आहे? आणि परदेशी कॅमेऱ्यांचा हेतू बाजूला ठेवला, तर त्या दोन रात्रींतून तिथल्या श्रोत्यांच्या हाती काही लागले का?

प्रतिसाद ४: आडवाट

'पहिले' हे विशेषण जपून वापरावे लागेल. फ्रेंच संगीतकार ज्याँ मिशेल जार यांनी ऑक्टोबर १९८१ मध्ये बीजिंग आणि शांघाय येथे कार्यक्रम केले होते. पाश्चात्त्य अभिजात वाद्यवृंद तर त्याच्याही आधी येऊन गेले होते, फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा १९७३ मध्येच. जार यांचे संगीत सिंथेसायझरवर आधारलेले आणि प्रामुख्याने शब्दांवाचूनचे आहे. त्यामुळे 'पहिला पाश्चात्त्य पॉप गट' इतके मर्यादित विधान केले तर व्हॅम!चा मान अबाधित राहतो. बातम्या लिहिताना 'पॉप गट' हे शब्द गळाले आणि मान उगाचच फुगला.

हाती काय लागले, याचे उत्तर देताना बहुतेक जण त्सुई च्यान यांच्याकडे बोट दाखवतात. ९ मे १९८६ रोजी, म्हणजे व्हॅम!नंतर तेरा महिन्यांनी, त्याच कामगार क्रीडागृहात एका सामुदायिक कार्यक्रमात त्यांनी आपले 'माझ्यापाशी काहीच नाही' अशा आशयाचे गाणे म्हटले आणि चिनी रॉकची सुरुवात त्या रात्रीपासून मोजली जाते. इमारत एकच असल्यामुळे कार्यकारणभाव जोडण्याचा मोह होतो. मला तो मोह टाळावासा वाटतो. त्सुई च्यान हे बीजिंगच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवणारे प्रशिक्षित वादक होते, हातोहात फिरणाऱ्या कॅसेटींमधून पाश्चात्त्य संगीत त्या पिढीपर्यंत आधीच पोहोचले होते, आणि तेरेसा तेंग यांची तैवानमधून आलेली हळुवार गाणी अधिकृत नाराजी असूनही घराघरांत ऐकली जात होती. जमीन आधीच भिजलेली होती. एका पाहुण्याच्या दोन रात्रींनी पीक आले, असे म्हणणे त्या देशातल्या कलाकारांवर अन्याय करणारे होईल.

प्रतिसाद ५: जमाखर्च

आडवाट यांचा इशारा योग्यच आहे, तरी त्या रात्रीची एक वस्तू मला त्यांच्या हिशेबातून सुटलेली दिसते. तिकिटाबरोबर प्रेक्षकांना एक कॅसेट मोफत दिली गेली होती. तिच्या एका बाजूला व्हॅम!ची मूळ गाणी होती आणि दुसऱ्या बाजूला तीच गाणी चिनी गायिका चेंग फांगयुआन यांनी चिनी भाषेत गायलेली होती.

सभागृहात बसून राहण्याची सूचना होती, पण कॅसेट घरी नेल्यावर तिच्यावर नाचायला पोलिसांची आडकाठी नव्हती. तुम्हीच लिहिले आहे की तिथे कॅसेटी हातोहात फिरत, आणि कॅसेटवरून कॅसेट भरून घेता येते, त्यामुळे मूळ प्रतींपेक्षा ऐकणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी असणार. शिवाय ज्याला इंग्रजी कळत नव्हते, त्याला फक्त बाजू पालटायची होती. लंडनच्या बाजूने पाहिले तर ही भेटवस्तू म्हणजे प्रसिद्धीच्या खर्चातली एक किरकोळ नोंद. मात्र परदेशी वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे परत गेल्यावर त्या दौऱ्यातले जे काही मागे राहिले, त्यात ही कॅसेट होती, आणि तिच्यावरचा निम्मा आवाज त्या देशातलाच होता.

मंद्रसप्तक (प्रश्नकर्ता)

या कॅसेटविषयी मी प्रथमच वाचले. चेंग फांगयुआन यांनी गायलेली ती चिनी बाजू कोणाकडे ऐकायला मिळाली, तर कृपया याच धाग्यावर कळवावे. माहितीपट आता पुन्हा पाहतो, आणि या वेळी नजर रंगमंचावर न ठेवता खुर्च्यांवर ठेवतो.