विंडोज टाकताना अडकलेला कॉम्प्युटर : आपापले अनुभव लिहा

डिचोलीकर
काल भाचा लॅपटॉप घेऊन आला. जुनी एसएसडी काढून मोठी बसवली होती. पेनड्राईव्हवरून विंडोज ११ टाकायला घेतली तर 'कुठे टाकू' विचारतात त्या पानावर यादी कोरी. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) एसएसडी व्यवस्थित हजर, विंडोजला दिसेना. भाचा म्हणे मामा, डुप्लिकेट दिली, परत करतो. म्हटलं थांब, हे सोंग ओळखीचं आहे.

एक्सपीच्या काळात साटा हार्डडिस्क नव्या होत्या तेव्हा हेच व्हायचं. सेटअप सुरू झाल्यावर निळ्या पडद्याच्या तळाशी क्षणभर ओळ यायची, ड्रायव्हर द्यायचा असेल तर एफ६ दाबा. दाबलं तर तो ड्रायव्हर फ्लॉपीवरूनच हवा! तोवर फ्लॉपी ड्राईव्ह लावतंय कोण. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चवळीपासून चणक माशापर्यंत सगळं मिळायचं, फ्लॉपी सोडून. मग बायोसमध्ये एएचसीआयचं आयडीई करून (डिस्कशी बोलायची नवी पद्धत सोडून जुनी) वेळ मारून न्यायची.

आता फ्लॉपी गेली, दुखणं तेच. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुष्कळ लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची गोष्ट (एसएसडी सांभाळणारा इंटेलचा भाग) चालू असते आणि विंडोजच्या पेनड्राईव्हमध्ये तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साईटवरून रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवला, दुसऱ्या मशीनवर उलगडला (नुसती ईएक्सई ठेवून चालत नाही, आतली आयएनएफ फाईल लागते), फोल्डर त्याच पेनड्राईव्हवर टाकला, 'लोड ड्रायव्हर' दाबलं. डिस्क आली यादीत. भाच्याचं तोंड बघण्यासारखं.

तुमचेही किस्से येऊ द्या. विंडोज, लिनक्स, काहीही. अर्ध्यात मेलेली मशीनं जास्त आवडतील.

कुळागर
व्हीएमडी बायोसमधून बंद केलं तरी काम होतं, ड्रायव्हरची कटकट नको. फक्त आधीची विंडोज ठेवायची असेल तर बंद करू नका, ती मग उठत नाही.

वाळपयची
माझं आत्ता या क्षणाला अडकलंय 😭 मुलाचा डेस्कटॉप. ३० टक्क्यांवर एरर. आमटी उकळत ठेवून लिहितेय, कुणी सांगा

फोंडेकार
@वाळपयची एरर नंबर काय?

म्हापशेकर
शुक्रवारच्या बाजारात फ्लॉपी नव्हती पण सीडी होत्या, त्याबद्दल इथे बोलू नये 😄

आबोली
आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. लोखंडी खिडक्या टिकत नाहीत तिथे कॉम्प्युटरची काय कथा. दर पावसाळ्यात एकदा तरी डेस्कटॉप नुसता पंखा फिरवत बसायचा, पडदा काळा. बाबांचा ठरलेला कार्यक्रम: वायर काढायची, बाजूचं दार उघडायचं, रॅम काढायची, तिची सोनेरी दातरी शाळेच्या पांढऱ्या खोडरबराने घासायची, कचरा फुंकायचा नाही (थुंकी उडते म्हणून), ब्रशने झाडायचा, परत टक्क आवाज होईपर्यंत बसवायची. बहुतेकदा चालू. एकदा विंडोज टाकताना फायली कॉपी होईनात, रोज वेगळी फाईल सापडत नाही म्हणे. दुकानदार हार्डडिस्क बदला म्हणत होता. बाबांनी खोडरबर काढला. त्याच डिस्कवर पुढे कितीतरी वर्षं काम केलं. खोडरबर अजून ड्रॉवरमध्ये आहे, भाचरांना हात लावू देत नाहीत.

केपेंकर
थुंकी 😂 आमच्याकडे तर सगळे आधी फुंकर मारायचे मग प्रार्थना

झुआरीपार
गोवा सरकारच्या सायबरेज योजनेतला कॉम्प्युटर आठवतोय का कुणाला? अकरावीला मिळाला तेव्हा आख्खा वाडा बघायला. त्यावर शेजारच्या दादाने नवी विंडोज घालायला घेतली, बाहेर मृगाचा गडगडाट. आई ओरडतेय बंद कर, दादा म्हणतो अर्ध्यात बंद केलं तर जाईल. वीज कुठे पडली माहीत नाही, टेलिफोनच्या वायरमधून आली आणि मोडेम गेला. पुढे सेटअप दर वेळी हार्डवेअर ओळखण्याच्या पायरीवर जाऊन गोठायचा. मोडेमचं कार्ड उपसून काढलं तेव्हा पुढे गेला. मेलेलं कार्ड स्लॉटमध्ये ठेवलं की सेटअप त्याच्याशी बोलत बसतो.

वाळपयची
@फोंडेकार ०एक्स८००७०५७० असं काहीतरी. परत सुरू केलं आता ५७ वर तोच

फोंडेकार
म्हणजे फाईल खराब वाचली जातेय. मला सांगा दर वेळी त्याच टक्क्यावर थांबतं की वेगवेगळ्या? त्याच जागी थांबत असेल तर पेनड्राईव्ह नाहीतर आयएसओ (विंडोजची उतरवलेली फाईल) खराब, दुसऱ्या पेनड्राईव्हवर नव्याने बनवा. जागा बदलत असेल तर मला रॅमचा वास येतोय. आबोली बायंच्या बाबांसारखंच.

सत्तरीकर
पोई (गोव्याचा कोंड्याचा पाव) मिळेल का पणजीत संध्याकाळनंतर? सॉरी चुकीच्या जागी आलो पण विचारतो

म्हापशेकर
@सत्तरीकर संध्याकाळी पदेर (पाववाला) येतो की पोंऽपों करत. जागा सांगा

मांडवीकाठचा
ऑफिसमध्ये हे काम माझ्याच गळ्यात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून सगळ्यांना ११ हवी. अर्ध्या मशीनवर 'हा पीसी चालणार नाही'. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही किंवा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा. काहींत टीपीएम असतो, नुसता बायोसमध्ये बंद. तिथे पीटीटी नावाने लपलेला असतो, एएमडीत एफटीपीएम. तो चालू केला की पुढे जातं. ज्यांच्यात खरंच नाही त्यांच्यावर जबरदस्ती करणाऱ्या युक्त्या आहेत, मी ऑफिसात वापरत नाही. उद्या अपडेट आलं नाही तर मलाच हाक. तिथे लिनक्स मिंट टाकून दिलं, टायपिंगवाल्या बाईंना फरकही कळला नाही. मराठी कीबोर्ड लावून दिला, खूश.

दुसरं, सुरू करण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) बघा हो. नव्या लॅपटॉपात मायक्रोसॉफ्ट खातं घातलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, मालकाला पत्ता नसतो. सी वर नवी विंडोज घातली की डी वरचा डेटा ४८ अंकी किल्ली मागतो. ती खात्यात सापडते, पण खातं कुणाचं? एकाचं निघालं दुकानातल्या पोराच्या ईमेलवर.

कुळागर
आई गं. मग?

मांडवीकाठचा
पोर दुबईला. फोन लावला, मिळाली. देव बरें करूं त्याचें.

केपेंकर
ज्यांना 'ही डिस्क जीपीटी आहे, इथे बसणार नाही' असं येतं त्यांच्यासाठी (जीपीटी म्हणजे डिस्कचे भाग पाडायची नवी पद्धत). यूट्यूबवाले लगेच डिस्कपार्ट (विंडोजचं डिस्कचे भाग पाडायचं साधन) उघडून क्लीन मारायला सांगतात. क्लीन म्हणजे विभाजनं साफ, चवथीचे माटोळीचे (गणपतीवर बांधतात त्या फळापानांच्या सजावटीचे) फोटो पण त्यात. मशीन बंद करा, बूट मेनू उघडा, तिथे तोच पेनड्राईव्ह दोनदा दिसतो, एकाच्या आधी यूईएफआय (बूटची नवी पद्धत) लिहिलेलं. ते निवडा. बस्स. जुन्या पद्धतीने बूट झाला की जीपीटी त्याला चालत नाही एवढंच भांडण आहे.

आबोली
हे मला हवं होतं कधीपासून!! आणि पहिल्या रीस्टार्टनंतर सेटअप परत पहिल्यापासून सुरू होतो ते?

केपेंकर
पेनड्राईव्ह काढा रीस्टार्टला. तो बूटच्या रांगेत पहिला उभा असतो म्हणून.

झुआरीपार
११ टाकताना शेवटी वायफाय मागतं आणि वायफायचाच ड्रायव्हर नसतो, हे कुणाच्या डोक्यातून आलं असेल? मोबाईल केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग (मोबाईलचं इंटरनेट केबलने देणं) चालू करा, चालतं. मग ड्रायव्हर स्वतःच उतरतो.

डिचोलीकर
बायोसची तारीख पण बघत जा. मदरबोर्डवरचा सपाट सेल (सीआर२०३२) मेला की घड्याळ मागच्या दशकात जातं. एका मित्राकडे उबुंटू टाकल्यावर अपडेट घेईना, 'ही फाईल अजून वैध नाही' म्हणे. तारीख बरोबर केली, सुरळीत. सेल वीस-तीस रुपयांत घड्याळजीकडे मिळतो.

फोंडेकार
वाळपयची बाय काय झालं?

वाळपयची
आमटी करपली. तिसऱ्यांदा ४१ ला थांबलं. म्हणजे जागा बदलतेय ना

फोंडेकार
बदलतेय. मशीन बंद करा, वायर काढा, दोन रॅम असतील तर एक काढून चालवा, मग दुसरी. मधे आणखी काही बदलू नका, नाहीतर कशाने झालं ते कळणार नाही. खात्री हवी तर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) पेनड्राईव्हवर घाला. बायोसमधलं सिक्युअर बूट बंद करावं लागेल बहुधा.

सत्तरीकर
मिळाली पोई 🙏 ताळगावात

मांडवीकाठचा
बाजूचं दार उघडताना पाल बघा. विनोद नाही. आमच्या एका एसएमपीएसमध्ये (वीज पुरवणाऱ्या डब्यात) घर करून होती, पंखा अडला, मशीन तापून मधेच बंद पडायचं. विंडोज घालताना प्रोसेसरला काम जास्त, म्हणून तेव्हाच.

म्हापशेकर
पालीला विंडोज आवडली नसेल

वाळपयची
एका रॅमवर पूर्ण झाली!! दुसरी लावून मेमटेस्ट चालवली तर लाल ओळीच लाल ओळी. खोडरबरानेही फरक नाही. लेक म्हणतो आठ जीबीवर गेम चालणार नाही

फोंडेकार
रॅमची वॉरंटी बऱ्याचदा लांब असते. बिल शोधा.

वाळपयची
बिल सासूबाईंच्या कपाटात, किल्ली त्यांच्या कमरेला, आणि त्या गेल्यात फातर्प्याला देवीच्या दर्शनाला.