मदत हवी आहे: कोंबुचावर हिरवट ठिपके आलेत, वरचे काढून बाकीचा वापरू का?

आंबटगोड

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या.

मे महिन्यात ऑफिसातल्या मैत्रिणीने एका डब्यात कोंबुचाची, म्हणजे आंबवलेल्या चहाची, चकती (ती स्कोबी म्हणते) आणि पेलाभर आंबट पाणी दिलं. ओल्या रबरासारखी पिवळट पोळी बघून आधी कसंतरीच झालं होतं. पण तिने सांगितल्याप्रमाणे साखर घालून कोरा चहा केला, गार झाल्यावर चकती आणि ते पाणी त्यात सोडलं, बरणीला पंच्याचा तुकडा बांधून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली. आठव्या दिवशी छान आंबट, जिभेवर किंचित चुरचुरणारं पेय तयार! घरात सगळ्यांना इतकं आवडलं की दोन दिवसांत बरणी रिकामी.

दुसऱ्या वेळी घोळ झाला. चकतीला तपकिरी धागे लोंबत होते, किळस आली म्हणून नळाखाली स्वच्छ धुतली. नवा दोन लिटर चहा केला, वास यावा म्हणून त्यात गवती चहा आणि आलं उकळलं आणि चकती सोडली. चौथ्या दिवशी चमचाभर चाखलं तर नुसता गोड चहा. आज सहावा दिवस, चकतीवर तीन-चार गोल ठिपके दिसतायत. कडेला पांढरे, मध्ये निळसर हिरवे.

सासूबाई म्हणतात, लोणच्यावर आलं की वरचं काढतोच की आपण, तसंच काढ. नवरा म्हणतो, ओतून दे. चकती तरी वाचेल का? आणि मुळात चुकलं कुठे? पुण्यात सध्या सतत पाऊस आहे, त्याचा संबंध असेल का?

चहाटळ

नवऱ्याचं ऐका. वर्षातून एकदा ऐकायला हरकत नाही.

बरणीवाली

ठिपके कोरडे आहेत का? त्यांना लव आहे का? नुसती पांढरी, सुरकुतलेली, ओलसर साय असेल तर ते रानटी यीस्ट असतं. चव बिघडते, पण तो प्रकार वेगळा.

आंबटगोड

लव आहे. शिळ्या पावावर असते तशी.

बरणीवाली

मग बुरशीच. चहा ओता, चकतीही टाका, तिचा तुकडासुद्धा ठेवू नका. दिसतात ते ठिपके तेवढे वर असतात, बुरशीचे धागे आणि तिने सोडलेलं विष खाली उतरलेलं असू शकतं. (लोणच्याचं तरी असं करावं का, यावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.)

चूक पावसाची नाही. दमट हवेत बुरशी लवकर धरते हे खरं, पण तिला दार तुम्ही उघडून दिलंत. जुनं पाणी सगळं पिऊन टाकलंत आणि चकतीला चिकटलेलं उरलंसुरलं नळाखाली धुऊन काढलंत.

सगळ्यांना वाटतं चकती म्हणजेच कोंबुचा. ती खरं तर साय आहे. त्यातले काही जिवाणू पाण्याच्या वर सेल्युलोजचं जाळं विणतात, तीच ही पोळी. नाटा दे कोकोचे ते जेलीसारखे चौकोनी तुकडे मिळतात ना, तेही नारळपाण्यावर याच जातीच्या जिवाणूंनी विणलेलं असतं. विरजण आहे ते पाण्यात. चकती नसली आणि नुसतं जुनं, आंबट पाणी असलं तरी कोंबुचा होतो, वर नवी चकतीही धरते. चकती तरंगली काय, बुडाली काय, फरक पडत नाही.

ते तपकिरी धागे म्हणजे यीस्ट. तेच साखर फोडतं, तिच्यातून थोडं अल्कोहोल आणि बुडबुड्यांचा वायू करतं. जिवाणू ते अल्कोहोल घेऊन त्याचं अ‍ॅसेटिक आम्ल करतात, म्हणजे व्हिनेगरमधलंच. ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक आम्लही होतं. एकाचं उष्टं दुसऱ्याचं जेवण. पण हे रांगेला लागायला काही दिवस जातात आणि तोवर गोड, कोमट चहा म्हणजे बुरशीला आमंत्रण. जुनं पाणी घातलं की चहा पहिल्या दिवसापासून आंबट असतो. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) 4.5 च्या खाली असला की बुरशीला शिरकाव करणं अवघड जातं. तयार कोंबुचा साधारण 2.5 ते 3.5 वर असतो. पीएचच्या कागदी पट्ट्या घ्या, अंदाजपंचे करू नका.

माझं प्रमाण 1 लिटरला: 70 ग्रॅम साखर, 6 ग्रॅम चहा, 150 मिली जुनं पाणी. सीटीसी (दाणेदार) चहा चालतो, पण कडक होतो, कमी घाला. पाणी पूर्ण निवल्याशिवाय विरजण घालायचं नाही, गरम चहात सगळं मरतं. बरणी काचेची. तांब्या-पितळेला किंवा अ‍ॅल्युमिनियमला आम्ल लागू द्यायचं नाही. 24 ते 29 अंशांत सात-दहा दिवस लागतात. मी नागपूरकर, मेमध्ये कूलरच्या खोलीत ठेवूनही पाचव्या दिवशी तयार होतो.

गवती चहाच्या तेलाने हे जीव मरगळतात. आलं, फळं, जे काय लाड करायचे ते चकती काढल्यावर, बाटलीत भरताना.

माडाखाली

गोंयात माडाच्या सुरेचं (माडीचं) व्हिनेगर घरी करतात, त्यावरही अशीच चिकट साय धरते. आमची आजी ती काढून टाकायची, पण तळाचं जुनं व्हिनेगर पुढच्या वेळेसाठी ठेवायचीच. शास्त्र तेच.

चहाटळ

गंमत म्हणजे जपानमध्ये कोंबुचा मागितलात तर समुद्रशेवाळाचा खारट चहा येईल. या पेयाला ते 'चहाचं अळंबं' म्हणतात, रशियनही तसंच म्हणतात. आणि ते अळंबंही नाही!

शंकासुर

ज्यांना हे पिऊन सांधे, साखर, कर्करोग सगळं बरं होईल असं वाटतंय त्यांनी जरा थांबा. माणसांवरचा तसा भक्कम पुरावा नाही. 1995 साली अमेरिकेत आयोवा राज्यात दोन बायका गंभीर आजारी पडल्या, रक्तातलं आम्ल वाढलं, एक दगावली. दोघी रोज कोंबुचा पीत होत्या. त्यानेच झालं असं सिद्ध झालं नाही, पण संशय फिटलाही नाही. रोज साधारण 120 मिलीने निरोगी माणसाला त्रास होऊ नये, असं त्या चौकशीच्या अहवालात आहे. तांब्या भरभरून पिऊ नका.

आंबटगोड

बाप रे. सगळं ओतलं आत्ताच. सासऱ्यांना मधुमेह आहे आणि मुलगा सात वर्षांचा. त्यांना द्यावा का? आणि अल्कोहोल म्हणालात, ते किती?

बरणीवाली

साखर सगळी संपत नाही, सासऱ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अल्कोहोल सहसा अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पण झाकण लावून उबेत ठेवला की वाढतं. 2010 मध्ये अमेरिकेत याच कारणाने दुकानांतून बाटल्या काढून घेतल्या होत्या. शिवाय चहातलं कॅफिन राहतंच. मुलाला मी देणार नाही. गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी घरचा तर नकोच.

फुसफुस

बाटलीत भरणार असाल तर माझं ऐका. आंब्याचा रस घालून जुन्या चौकोनी काचेच्या बाटलीत भरला आणि विसरलो. तिसऱ्या दिवशी दुपारी स्फोट! फडताळात काचा, छतावर आंबा. तेव्हापासून सोड्यासाठीच्या जाड, गोल बाटल्या वापरतो. वर चार बोटं जागा सोडायची, एक बाटली प्लॅस्टिकची भरायची. ती दाबून कडक लागली की सगळ्या फ्रिजमध्ये.

आंबटगोड

उशिरा लिहितेय. मैत्रिणीकडून पुन्हा चकती आणली, या वेळी पाणी जास्त मागून घेतलं. बरणी उकळत्या पाण्याने धुतली, नुसता कोरा चहा, पट्टीवर सुरुवातीलाच 4 आला. बाहेर चिलटं घोंघावतायत, पण पंचा दुहेरी बांधलाय. गवती चहा सासूबाईंनी वेगळा उकळून दुधात घेतला. काल नववा दिवस होता, वर नवी पातळ साय धरली होती आणि ठिपका एकही नाही. कुणी पेला पुढे करायच्या आत दोन पेले काढून फ्रिजमध्ये ठेवले, चिठ्ठी लावून: 'विरजण. पिऊ नये.'