प्रति: पॉर्श ३५६ स्पीडस्टरची प्रतिकृती, आधी खालून बघा

अमेरिकेत विक्रीला असलेल्या स्पीडस्टरच्या प्रतिकृतीबद्दल (म्हणजे जुन्या पॉर्श ३५६ स्पीडस्टरसारखी दिसणारी, पण मूळ नसलेली गाडी) चर्चा चाललीय, आणि तिच्या रंगावर बरंच बोलणं झालंय. माझ्या मते खरी किंमत खालच्या सांगाड्याची. बॉडी फायबरग्लासची, ती गंजत नाही. पण अशा बहुतेक गाड्यांत खाली जुन्या फोक्सवॅगन बीटलचा पत्र्याचा फ्लोअरपॅन, म्हणजे गाडीचा तळ, असतो. बीटलचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २४०० मिमी, मूळ ३५६चा २१०० मिमी. म्हणून पॅन आणि मधला टनेल (तळाच्या मधोमध लांबीने जाणारा पोकळ उंचवटा) सुमारे फूटभर कापून पुन्हा जोडतात. गाडी लिफ्टवर घ्यायला लावा आणि तो सांधा बोटाने चाचपा. वेल्डिंग सलग हवं. त्यावर अंडरकोटिंग (खालून लावतात तो संरक्षक थर) थापून ठेवलं असेल तर ते खरवडून दाखवायला सांगा. टनेलमधला गिअरचा रॉडही आखूड केलेला असतो, तो तिरका जोडला गेला की गिअर नीट पडत नाहीत.

इंजिन बंद असताना मागची क्रँक पुली (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या टोकाची, पट्टा फिरवणारी चकती) धरून पुढे-मागे ओढा. खेळ, म्हणजे ढिलेपणा, ०.१५ मिमीपर्यंत चालतो. हाताला स्पष्ट 'टक्' जाणवलं तर इंजिन पूर्ण उघडावं लागणार, तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

बीटलच्या मागच्या सीटच्या जागी, टनेलवर ठोकलेला चासी नंबर कागदांशी ताडून पाहा. नंबर बीटलचा आणि कागदावर '१९५७ पॉर्श' असेल, तर हा व्यवहार करूच नका.