क्वालिफाइंगमध्ये हरल्यावर लकी लूझरची सही कुठे, कधी करायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी डिचोलीचा. टेनिस टीव्हीवर बघतो तेवढंच मला कळतं. पण एकोणीस वर्षांचा भाचा पुरुषांच्या एकेरीत उतरायला लागलाय आणि त्याच्यासोबत गावोगाव जायला घरात मीच मोकळा.

गेल्या आठवड्यात पुण्याकडे एम१५ म्हणजे १५ हजार डॉलर बक्षिसाची स्पर्धा होती. क्वालिफाइंगच्या, म्हणजे मेन ड्रॉ (मुख्य स्पर्धा) आधीच्या पात्रता सामन्यांच्या, शेवटच्या फेरीपर्यंत पोचला आणि तिथे हरला. मला वाटलं, संपलं. रात्रीची बस धरली, सकाळी म्हापशाला उतरलो. घरी येऊन चहा घेतोय, रॅकेटची बॅग अजून सोप्यावरच, तोच बरोबरच्या खेळाडूचा फोन आला. "अरे, आहेस कुठे? मेन ड्रॉमधून एकाने माघार घेतली. तुझाच नंबर होता, पण तुझी सही नाही!" भाच्याच्या खालच्या क्रमवारीचा मुलगा लकी लूझर, म्हणजे क्वालिफाइंगमध्ये हरूनही माघार घेतलेल्याच्या जागी खेळणारा, म्हणून आत गेला. भाचा काही बोलला नाही. रॅकेटची घामट ग्रिप उलगडायची, परत गुंडाळायची, एवढंच करत बसला.

एम१५ च्या मेन ड्रॉमध्ये पहिली फेरी जिंकली की पहिला एटीपी गुण, म्हणजे जागतिक क्रमवारीचा गुण, मिळतो. त्या एका गुणासाठी हा दोन वर्षं धडपडतोय, म्हणून जीव जास्त जळतो. ही सही नेमकी कोणाकडे करायची? एकदा केली की पुरते का? आणि किती दिवस थांबायचं? लॉजचं भाडं रोज वाढतं, तेही बघावं लागतं.

प्रतिसाद:
दादा, वाईट वाटलं वाचून. मी फोंड्याला मुलांना शिकवतो, आमच्याही एका पोराचं असंच झालंय. सही स्पर्धेच्या सुपरवायझरकडे, स्वतः हजर राहून करायची. आणि ती रोज करायची, त्या दिवसाचा पहिला सामना सुरू व्हायच्या अर्धा तास आधीपर्यंत. काल केली होती म्हणून आज चालत नाही. जागा रिकामी झाली की सही केलेल्यांतूनच क्रमवारी बघून नाव घेतात. पहिल्या फेरीचे सगळे सामने सुरू होईपर्यंत थांबा, त्यानंतर लकी लूझरला वाव नाही. डबल्सलाही नाव घाला, तसंही थांबणं होतंच.

त्याला सांगा, २०२४ मध्ये अमेरिकेतल्या इंडियन वेल्सच्या स्पर्धेत आपला सुमित नागल क्वालिफाइंगमध्ये हरला होता. नदालने माघार घेतली आणि त्या जागी नागल कॅनडाच्या राओनिचसमोर उभा राहिला. हरला, पण खेळला. आणि रशियाच्या आंद्रे रुब्लेवने आपलं पहिलं एटीपी विजेतेपद २०१७ मध्ये क्रोएशियातल्या उमागला लकी लूझर म्हणूनच मिळवलं. सही करून, बूट घालून तयार बसायचं. नाव पुकारल्यावर शोधाशोध नको.

धागाकर्ता:
मनापासून आभार, सर. रोज नव्याने सही करायची हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. भाच्याला वाचून दाखवलं, रुब्लेवचं दोनदा वाचायला लावलं त्याने. पुढच्या स्पर्धेचं परतीचं तिकीट आता बुधवारच्या रात्रीचं काढतो. अजून एकच विचारतो. पहिल्या फेरीचे सामने दोन दिवसांत विभागले असतील, तर दुसऱ्या दिवशीही तोच अर्ध्या तासाचा हिशेब ना?

प्रतिसाद:
हो, तोच. सकाळी लवकर पोचा, सही झाली की मगच नाश्ता.