मदत हवी आहे : लाकडी पाइपचे भोक वाटीच्या तळाशी निघत नाही

अर्धा_ठोकळा :
नमस्कार. मी हाताने लाकडी पाइप तयार करीत आहे. वाटी कोरून झाली आहे आणि दांडीतून भोकही पाडले आहे. परंतु ते वाटीच्या तळाशी न निघता तळापासून बरेच वर, आणि तेही किंचित डाव्या अंगाला निघाले. यापूर्वीचा ठोकळा तर मधोमध चिरला होता. आता माझ्याकडे एकच तुकडा शिल्लक आहे आणि पाइप भेट द्यायचा असल्यामुळे हातात नऊ दिवस आहेत. भोक नेमके तळाशी कसे काढावे, एवढेच कृपया सांगावे. या विषयावरच्या चित्रफिती पाहून झाल्या आहेत. त्यांतील प्रत्येकाकडे लेथ असतो, माझ्याकडे नाही.

नळदुरुस्ती :
शीर्षकावरून मला हा धागा पाण्याच्या पाइपचा वाटला. लाकडी पाइप आजकाल कोण वापरते, असा प्रश्न पडला होता.

अर्धा_ठोकळा :
तंबाखू ओढण्याचा पाइप. लिहायचे राहून गेले, क्षमस्व.

साक्षेपी :
काही गोष्टी कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. लाकूड कोणते आहे? वाटीची खोली आणि रुंदी किती? 'बरेच वर' म्हणजे किती मिलिमीटर? भोक कशाने पाडले आणि ठोकळा कशात धरला होता? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बाहेरचा आकार आधी दिला की भोके आधी पाडली?

अर्धा_ठोकळा :
वाटी ४० मि.मी. खोल आणि २० मि.मी. रुंद आहे. भोक तळापासून ६ मि.मी. वर निघाले आहे. हातड्रिल वापरले. आकार अर्थातच आधी दिला, कारण आकारच नसेल तर दांडी कोणती आणि भोक कुठून पाडायचे हे कसे कळणार? लाकडाचा या प्रश्नाशी काय संबंध आहे, हे मला समजले नाही.

जुरा_डोंगर :
लाकडाचा संबंध सर्वांत आधी येतो. पाइपसाठी जगभर ब्रायर वापरतात आणि त्यामागे कारण आहे. भूमध्य समुद्राच्या काठावर वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या बुंध्याशी, मुळे आणि खोड यांच्यामध्ये, जी गाठ तयार होते तिचे हे लाकूड. गाठ कापल्यावर ठोकळे कित्येक तास पाण्यात उकळतात, त्यामुळे आतला रस आणि कडवटपणा निघून जातो. मग ते महिनोन्महिने सावकाश वाळवतात. मी जिनिव्हाजवळ राहतो आणि येथून फार दूर नसलेल्या फ्रान्समधील सें-क्लोद या गावी दोनदा गेलो आहे. तेथे पाइपचे संग्रहालयच आहे. त्या गावचे लोक पूर्वीपासून कातारी. जपमाळा आणि खेळणी कातायचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रायर हाती आले आणि पाइपमुळे गावाचे नाव झाले. आपल्याकडे सावंतवाडीच्या चितारआळीला असा एखादा धंदा सापडला असता, तर काय झाले असते, असा विचार मनात येऊन गेला. असो. ब्रायरचा तयार भोकांचा ठोकळा मागवा. आपला प्रश्नच उरणार नाही.

वखारवाला :
नऊ दिवसांत परदेशातून ठोकळा येणार नाही, आला तरी त्यावरचे शुल्क पाहून आपणच पाइपसारखे धुमसाल. आपल्या चिंचेत आणि बाभळीत काय कमी आहे? बैलगाडीची चाके आणि कुळवाची दिंडे बाभळीची होती, ती उन्हापावसात टिकली. घट्ट, जड आणि नीट वाळलेले कोणतेही लाकूड, ज्याला उग्र वास किंवा चीक नाही, ते चालते. युरोपातही ऑलिव्हचे आणि चेरीचे पाइप करतात, आणि अमेरिकेत तर मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचे पाइप शंभर वर्षांहून अधिक काळ विकले जात आहेत.

जुरा_डोंगर :
बुरकुंड काही काळाने जळते आणि फेकून द्यावे लागते, हे सांगायचे आपण विसरलात.

वखारवाला :
स्वस्त असते म्हणून फेकतात.

कातारकाम :
लाकडाचा वाद थोडा बाजूला ठेवू या. माझ्या मते चूक क्रमात आहे. ठोकळा चौकोनी, सहाही बाजू काटकोनात असतानाच सर्व भोके पाडायची असतात आणि आकार सर्वांत शेवटी द्यायचा असतो. चौकोनी ठोकळ्याच्या कुशीवर पेन्सिलीने वाटी आणि दांडी यांच्या मध्यरेषा काढता येतात, शेगड्यात (सुतारी पकडीत) तो सरळ धरता येतो आणि ड्रिल कोणत्या दिशेने चालले आहे हे डोळ्यांना दिसते. गोल केलेल्या लाकडावर यांतले काहीच शक्य होत नाही.

दुसरी गोष्ट भोकांच्या क्रमाची. दांडीचे भोक आधी आणि वाटी नंतर. बिटाची दिशा एकदा चुकली की ती सुधारत नाही, पण वाटीची खोली आपल्या हातात असते. वाटी सावकाश खाली नेत जावे आणि तळ हवेच्या भोकाला भिडला की थांबावे. वरखाली झालेली चूक अशा रीतीने आपोआप गिळली जाते आणि केवळ डाव्या-उजव्या बाजूची चूक सांभाळावी लागते.

आता एक शंका. ४ मि.मी.चे बाजारात मिळणारे साधे बिट एकूण सुमारे ७५ मि.मी. लांब असते आणि त्याचा पिळाचा भाग जेमतेम ४० मि.मी.हून थोडा अधिक भरतो. आपली दांडी त्याहून आखूड आहे काय?

अर्धा_ठोकळा :
नाही. बिट पुरत नव्हते, म्हणून अर्धे भोक दांडीकडून पाडले आणि उरलेले वाटीच्या आतून, बिट तिरके धरून पाडले. दोन्ही मध्ये कुठेतरी भेटली.

साक्षेपी :
ही गोष्ट पहिल्याच लेखनात आली असती, तर आपले निम्मे प्रतिसाद वाचले असते.

कातारकाम :
मग ६ मि.मी.चा उलगडा झाला. वाटीच्या काठामुळे बिट तळाशी टेकूच शकत नाही, ते नेहमी वरच लागणार. लांब प्रकारचे ४ मि.मी.चे बिट घ्यावे. ते सुमारे १२० मि.मी. असते आणि हत्यारांच्या कोणत्याही बऱ्या दुकानात मिळते. मात्र लांब बिट वाकते आणि लाकडाच्या रेषेबरोबर वाहवत जाते. त्याला वाट दाखवावी लागते. दांडीच्या टोकाला मुखनळीचे (ओठांत धरायच्या नळीचे) कुसू, म्हणजे दांडीत शिरणारे तिचे टोक, बसवण्यासाठी ८ मि.मी. रुंद आणि २० मि.मी. खोल भोक करावेच लागते, ते आधी करावे. मग ८ मि.मी. जाडीच्या पितळी सळईचा तुकडा घेऊन कोणत्याही लेथवाल्याकडून त्याला मधोमध ४ मि.मी.चे आरपार भोक पाडून घ्यावे. हा तुकडा दांडीच्या भोकात बसवला की लांब बिट त्यातून सरळच जाते. दर ४-५ मि.मी.नंतर बिट बाहेर काढून भुसा झाडावा, नाहीतर तो आत दाटतो, बिट तापते आणि भरकटते.

वाटीसाठी चपट्या पात्याचे २० मि.मी.चे बिट घेऊन त्याची टोके ग्राइंडरवर गोल घासावीत, म्हणजे तळ वाटीसारखा गोल येतो. दोन्ही बाजू सारख्या घासल्या जातील हे पाहावे. अन्यथा वाटी २० ऐवजी २२ मि.मी.ची होते आणि भिंत पातळ पडते. भिंत कोठेही ६ मि.मी.हून कमी नसावी.

रंधा_बहाद्दर :
एवढा खटाटोप कशासाठी? झालेल्या पाइपच्या तळात ६ मि.मी. इपॉक्सी भरावी. दहा मिनिटांत काम होते. मी खुर्च्यांच्या सांध्यांत वर्षानुवर्षे हेच करीत आलो आहे.

जुरा_डोंगर :
खुर्चीत कोणी निखारा ठेवीत नाही. तापलेल्या इपॉक्सीचा धूर छातीत घेण्याचा सल्ला कृपया देऊ नये. तळ उचलायचाच असेल, तर सिगारची राख पाण्याच्या थेंबांनी घट्ट कालवून तळाशी दाबून बसवतात आणि दोन-तीन दिवस वाळू देतात. पाइप ओढणारे लोक हे फार पूर्वीपासून करीत आले आहेत.

गावाकडचा :
आमच्या आजोबांची चिलीम मातीची होती. तिला भोक सरळ असते, तळाशी एक खडा टाकला आणि खाली ओले फडके गुंडाळले की झाले. वाकडी दांडी नाही, म्हणून तळ जुळवण्याची कटकटही नाही. आपण चिलीमच का करीत नाही?

निर्व्यसनी :
येथे एकानेही मूळ प्रश्न विचारलेला नाही, याचे आश्चर्य वाटते. पाइपचा धूर छातीत ओढत नसले, तरी ओठ, तोंड आणि घसा यांच्या कर्करोगाचा धोका त्यानेही वाढतो. आपल्या हातांत एवढे कौशल्य आहे, तर लेखणी करा, पेटी करा. नऊ दिवसांनी ज्यांना हा पाइप भेट म्हणून देणार आहात, त्यांच्या हिताचाही विचार व्हावा.

साक्षेपी :
लाकूड कोणते, या माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर अद्याप मिळालेले नाही.

अर्धा_ठोकळा :
लाकूड शिसवी आहे. आजीच्या जुन्या पलंगाचा खूर होता. चिरलेला पहिला ठोकळा सागाचा होता. हात सारखे खाजतात आणि शिंका येतात, पण तो भाग वेगळा.

निर्व्यसनी यांच्यासाठी : पाइप माझ्या मामांसाठी आहे. ते व्यापारी बोटींवर होते आणि १२ तारखेला त्यांची पंचाहत्तरी आहे. त्यांनी तंबाखू सोडून बारा वर्षे झाली. ते रिकामा पाइप ओठांत धरून सकाळी वर्तमानपत्र वाचतात आणि अधूनमधून उगाच हवा ओढतात. त्यांचा जुना पाइप गेल्या महिन्यात फरशीवर पडून फुटला. नवा पाइप हातात आला की ते मुखनळीतून साफ करण्याची तार घालून ती वाटीच्या तळाशी निघते का, हे सर्वांत आधी पाहणार. म्हणून भोक तळाशी हवे आहे.

जुरा_डोंगर :
म्हणजे यात कधीच काही पेटवले जाणार नाही?

अर्धा_ठोकळा :
नाही. मला वाटले, त्याचा भोकाशी संबंध नाही.

वखारवाला :
आम्ही दोघे दोन दिवस भांडलो ते मग कोणत्या आगीसाठी?

कातारकाम :
मग गोष्ट फार सोपी आहे आणि दुसरा तुकडा कापण्याचीही आवश्यकता नाही. त्याच शिसवीची २० मि.मी. व्यासाची आणि ६ मि.मी. जाडीची चकती करावी. तिच्या रेषा वाटीच्या रेषांच्या दिशेने ठेवाव्यात, वरचा भाग पॉलिशपेपरने किंचित खोलगट करावा आणि साध्या सुतारी डिंकाने तळाशी बसवावी. भोकात आधी मेणबत्ती चोळलेली तार घालून ठेवावी, म्हणजे डिंक त्यात शिरून भोक बुजणार नाही. आच लागणार असती तर मी हे कधीच सुचवले नसते. भोक थोडे डाव्या अंगाला निघाले आहे, ते तसेच राहू द्यावे. तार जाते की नाही एवढेच मामा पाहणार आहेत.

खाज शिसवीच्या भुशामुळे आहे, तो भाग वेगळा नाही. या जातीच्या लाकडांच्या भुशाने अनेकांच्या कातडीला आणि श्वासाला त्रास होतो. पॉलिशपेपर ओला करून घासावे, नाकातोंडावर चांगला मास्क बांधावा आणि काम झाल्यावर कपडे झटकण्याऐवजी धुवावेत. पाइप तोंडाजवळ राहणार असल्यामुळे पलंगाच्या जुन्या पॉलिशचा थर बाहेर कोठेही उरता कामा नये. वरून फक्त मधमाशीचे मेण कापडाने चोळावे.

मुखनळी कशाची आहे, हे आपण अजून सांगितलेले नाही.

अर्धा_ठोकळा :
मामांच्या फुटलेल्या पाइपचीच काढून ठेवली आहे. काळी आहे, पण वरून हिरवट पिवळी पडली आहे.

जुरा_डोंगर :
म्हणजे ती एबोनाइटची आहे. रबरात भरपूर गंधक मिसळून ते करतात. ऊन आणि हवा लागली की ते असेच हिरवट पडते. ६०० आणि मग १००० क्रमांकाच्या ओल्या पॉलिशपेपरने घासून कापडाने चमकवावे, पुन्हा काळी होईल. उन्हात मात्र ठेवू नये.

गावाकडचा :
हाताने कातलेली शाईची पेने याच एबोनाइटची असतात. ती कांडी कोठे मिळते, हे कोणी सांगेल काय? मला एक पेन करायचे आहे.

साक्षेपी :
त्यासाठी कृपया वेगळा धागा काढावा.

कातारकाम :
जुने कुसू नव्या भोकात ८ मि.मी.ला बसेलच असे नाही. भोक पाडण्यापूर्वी ते कॅलिपरने मोजायला हवे होते. सैल झाले असेल, तर कुसवावर मेणाचा पातळ थर द्यावा. घट्ट असेल, तर लाकूड कोरू नये, कुसूच पॉलिशपेपरने एकेक फेरा घासून बारीक करावे. पावसाळी हवेत लाकूड फुगते, म्हणून आज अगदी घट्ट बसवू नये.

अर्धा_ठोकळा :
कुसू ७.८ मि.मी. भरले, मेण लावून बसले. चकती काल रात्री डिंकाने लावली आणि आज सकाळी तार घालून पाहिली. पहिल्या खेपेस डाव्या भिंतीला अडली, थोडी फिरवल्यावर तळाशी निघाली. मुखनळी अर्धी काळी झाली आहे. खाज अजून गेलेली नाही.